हात लावायचा नाही

चिकोडीहून ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. मी आयसोलेशन वॉर्डात चादरींच्या घड्या घालत होते. बेळगावातल्या आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला कोरोनाच्या वेळी चार खोल्या बांधल्या. लांब व्हरांड्यावर ओळीने चार दारं आणि प्रत्येक दाराला डोळ्यांच्या उंचीवर जाड काच. कोरोना सरला आणि खोल्या ओस पडल्या. मधूनच एखादा कांजिण्यांचा पेशंट यायचा, एखादा टीबीचा. एरवी सलाईनची खोकी ठेवायला जागा. मी तिथली इन्चार्ज सिस्टर. सव्वीस वर्षं नर्सिंगमध्ये काढल्यावर मला वाटायला लागलं होतं की आता निवृत्तीपर्यंत असंच शांत जाईल.

ॲम्ब्युलन्समधून तो स्वतःच्या पायांनी उतरला. तेहतीस-चौतीसचा, रुंद खांद्यांचा, डोळे लालभडक. त्याच्या मागून त्याची बायको उतरली, कडेवर साडेतीन वर्षांची मुलगी. त्याने माझ्या हातात चिकोडीच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली आणि म्हणाला, "आक्का, जरा बसू का कुठंतरी? पाय थरथरायलेत."

चिठ्ठीत लिहिलं होतं की चार दिवस ताप आहे, मलेरियाची तपासणी दोनदा केली ती निगेटिव्ह, डेंगूची कार्डावरची तपासणीही निगेटिव्ह, आणि आज सकाळपासून हिरड्यांतून रक्त येतंय. खाली एक ओळ वेगळ्या शाईने अधोरेखित केली होती: सात दिवसांपूर्वी आफ्रिकेतून परत.

आमच्या भागातली पोरं आफ्रिकेत जातात हे मला ठाऊक होतं. चिकोडी-निपाणीकडच्या साखर कारखान्यांत शिकलेला माणूस तिकडच्या कारखान्यात हवा असतो. हा पॅनमन होता. उसाचा रस शिजवून साखरेचा दाणा धरायचा हे त्याचं काम. यंत्रं कितीही आली तरी दाणा धरला का नाही हे शेवटी काचेच्या तुकड्यावर थेंब घेऊन बोटानेच बघावं लागतं, असं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुलगी आठ महिन्यांची असताना तो गेला होता, आणि मधे एकदाही त्याला येता आलं नव्हतं.

आमचे डॉक्टर धारवाडकडचे. माझ्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे असतील. मराठी बोलायचे, पण घाई झाली की कानडीवर जायचे. त्यांनी त्याला समोर बसवून सगळं विचारायला सुरुवात केली. तिकडे डास होते का, पाणी कसलं प्यायचात, जनावरांशी संबंध आला का. तो सावकाश उत्तरं देत होता. मग डॉक्टरांनी विचारलं, "तिथं तुमच्या बरोबर कोणी आजारी होतं का?"

"व्हय. माझ्या पाळीतला एक गडी हुता, तिथलाच. ताप आला, रक्त पडाय लागलं, चार दिवसांत गेला. लई चांगला माणूस. मी निघायच्या आधल्या दिवशी त्याचं मयत झालं."

"तुम्ही गेला होता मयताला?"

"गेलतो की. खांदा दिला न्हवं. आंघोळ घालायलाबी हात लावला. त्याला सख्खा भाऊ न्हवता तिथं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला व्हरांड्याच्या या टोकाच्या खोलीत नेऊन बसवलं. त्याला त्या टोकाच्या खोलीत. सगळं दहा मिनिटांत झालं. दोघांना एकमेकांशी काही बोलायचं असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्या आजाराचं नाव मी लिहीत नाही. आफ्रिकेतल्या काही भागांत तो येतो, अंगातलं रक्त बाहेर पडायला लागतं, आणि आजाऱ्याच्या घामाला, रक्ताला, मेल्यावर त्याच्या अंगाला ज्याचा हात लागेल त्याला तो होतो. तोच असेल असं कोणी म्हणत नव्हतं. पण तो नसेलच असंही म्हणायची कोणाची छाती नव्हती. पुण्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट येईपर्यंत तोच आहे असं धरून चालायचं, असं वरून सांगितलं. बायको आणि मुलगी त्याच्या निकट राहिलेल्या, म्हणून त्यांनाही कोंडून ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. त्या खोलीत जाताना मला मास्क आणि हातमोजे पुरायचे. त्याच्या खोलीत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पोशाख. तो नीट चढवायला पंधरा मिनिटं लागतात, उतरवायला त्याहून जास्त, आणि एकदा उतरवला की तो जाळायचा. पोशाख मोजकेच होते. म्हणून चार तासांतून एकदा आत जायचं ठरलं.

नियमांचा कागद मीच दोन्ही दारांवर चिकटवला. पहिली ओळ होती, पेशंटला हात लावायचा नाही.

बायकोने कागद वाचला आणि मला विचारलं, "सिस्टर, आमी तर तीन दिवस एकाच ताटात जेवलाव. आता हात लावला न लावला, काय फरक पडणार हाय?"

मी तिला पाठ केल्यासारखं सांगितलं, की ताप वाढतो तसा धोका वाढतो, आधी लागला नसेल तर आता लागेल, मुलीचा विचार करा. मुलीचं नाव काढलं की ती गप्प व्हायची. मला ते कळलं होतं आणि पुढचे चार दिवस मी ते वापरलं.

मुलीची गोष्ट तिनेच मला सांगितली. बाप रोज सुट्टी झाल्यावर व्हिडिओ कॉल करायचा. मुलगी बोलायला शिकली ती फोनशी. मोबाईल वाजला की "पप्पा आला" म्हणून धावायची, त्याला आपला घास भरवायची, काचेवर वरण लागायचं. आणि बाप खरोखर दारात येऊन उभा राहिला तेव्हा ती किंचाळून आजीच्या पदरात शिरली. दोन दिवस त्याच्याजवळ गेली नाही. तो घरात असताना फोन हातात घेऊन आईला म्हणायची, "पप्पाला फोन लाव." तो हसायचा, पण बाहेर जाऊन ओट्यावर बसायचा. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन आली आणि त्याच्या मांडीवर बसली. त्याच संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला.

आता तो काचेमागच्या खोलीत होता आणि मी त्याचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याजवळ ठेवला होता. पहिल्या दिवशी दुपारी त्याने फोन लावला. मी बायकोच्या खोलीत ताप बघायला आले होते. मुलगी पलंगावर उड्या मारायला लागली. तिचा बाप तिला परत मिळाला होता. दोन खोल्यांत तीस पावलांचं अंतर, आणि ती फोनला म्हणत होती, "पप्पा, कवा येणार?" त्याच्या आवाजात धाप होती. तो म्हणाला, "येतो की गं. विमानाचं तिकीट काढतो." बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पहिलं सॅम्पल दुपारीच पुण्याला गेलं, डब्यात डबा, त्यात डबा असं बंद करून. तिकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला की रक्त वाटेत खराब झालंय, पुन्हा पाठवा. दुसरं त्याच दिवशी पाठवलं. आमच्या इथल्या लॅबमधल्या मुलांनी त्याच्या रक्ताची नळी उघडायला नकार दिला. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही घरी लेकरं होती आणि त्यांच्याकडे तशी सोय नव्हती. डॉक्टर जे दिसत होतं त्यावर उपचार करत होते. हिरड्या बघून प्लेटलेट चढवल्या, लघवी बघून सलाईन कमी-जास्त केलं. ते रोज पोशाख घालून आत जायचे, बाहेर आले की त्यांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झालेला असायचा. तिसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात खाली बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "आगल्ला, सिस्टर." म्हणजे होत नाही. जमत नाही. कुणाला सांगत होते कोण जाणे.

मी त्या दिवसांत खासबागला घरी जात नव्हते, हॉस्टेलच्या एका खोलीत राहत होते. घरी माझी आई आहे. आमचं घर मूळचं निपाणीचं. आईने तिथल्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काढली, त्या पैशावर मला शिकवलं, आणि आता ती माझ्याकडे असते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. तिला कळलं होतं की कोणीतरी परदेशातून आजारी होऊन आलंय.

"त्याला बघाय कोण हाय?" तिने विचारलं.

"मी आहे की."

"मग हात धरून बसतीस न्हवं जरा जवळ?"

मी तिला म्हटलं, आई, त्याला हात लावायचा नसतो. नियम आहे.

तिच्या लहानपणी गावात तिला ओंजळीत वरून पाणी वाढायचे, हे तिने मला सांगितलं होतं. चहाचा कप बाहेर कोनाड्यात वेगळा असायचा. मी नर्स झाले तेव्हा तिला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला होता तर याचाच, की माझी पोरगी आता कुणालाही हात लावेल आणि कोणी अंग चोरणार नाही. उलट लोक म्हणतील, सिस्टर, जरा हात ठेवा डोक्यावर. त्या फोनवर ती एवढंच म्हणाली, "रोगाचा नियम असंल तर पाळाय पायजे. पर त्या पोराला तसं वाटू देऊ नगंस."

मला कळलं नाही की ते कसं करायचं. पोशाखातून माझे फक्त डोळे दिसायचे, तेही चष्म्याच्या धुक्यातून. मी मास्कआडून "कसं वाटतंय?" विचारायचे तर त्याला ऐकू यायचं नाही. तो डोळे बारीक करून बघायचा आणि विचारायचा, "आक्का तुमीच हाय न्हवं?" मग मी पोशाखावर, छातीपाशी, मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: आक्का. ते वाचून तो हसला. दातांवर रक्त होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. त्याच्या उशाशी आम्ही घंटीचं बटण दिलं होतं. मी काचेतून बघितलं, तो पाणी मागत होता. भांडं स्टुलावर होतं, पण त्याच्या हाताच्या पलीकडे. मी हाताने खूण केली, थांब, आले. पोशाख चढवायला घेतला. पहिला हातमोजा, पोशाख, बूट, दुसरा हातमोजा, टोपी, चष्मा, आरशासमोर उभं राहून प्रत्येक फट तपासायची. मी भरभर करत होते आणि भरभर करताना दुसरा हातमोजा फाटला. पुन्हा पहिल्यापासून. घंटा दोनदा वाजली आणि थांबली. आत गेले तेव्हा भांडं खाली पडलेलं, पाणी फरशीवर, आणि तो पलंगाच्या कडेवर कलंडलेला. त्याने स्वतः घ्यायचा प्रयत्न केला होता. मी त्याला उचलून नीट निजवलं, चमच्याने पाणी पाजलं. मी माफी मागत होते. तो म्हणाला, "असू दे आक्का. पोशाख हाय न्हवं मोठा."

पाच घोट पाणी प्यायला. ते त्याचं शेवटचं पाणी होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. संध्याकाळपासून पोटात पाणी साठून श्वास लागला आणि तोंडाने काही देणं बंद झालं.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बायकोला काचेपाशी आणायची परवानगी दिली. मुलगी झोपली होती. मी बायकोला मास्क लावून व्हरांड्यातून चालत नेलं. तीन दिवसांत तिने त्याला पहिल्यांदा समोर बघितलं. तोंड सुजलेलं, दंडावर निळे डाग, नाकात नळी. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने दोन्ही तळहात काचेवर ठेवले. त्याला ती दिसली. त्याने हात उचलायचा प्रयत्न केला, हात मनगटापासून थोडा वर आला आणि पडला.

"मला आत सोडा," ती म्हणाली.

"न्हाय सोडता येत."

"दोन मिनिटं. तुमचा पोशाख घालते मी. तुमी म्हणशीला तसं करते."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तिचा ताप येण्याची मुदत अजून संपली नव्हती, पोशाख घालायचं शिक्षण नव्हतं, काढताना एक चूक झाली तर मुलीला कोण. सगळी कारणं खरी होती. मी तिला सांगितली. पुन्हा मुलीचं नाव घेतलं.

ती काचेवरचे हात न काढता म्हणाली, "मग तुमी तरी लावा. आक्का, माझ्या नावानं लावा हात. कपाळाला. त्याला कपाळाला हात लावल्याबगर झोप येत न्हाय."

मी आत गेले. दोन हातमोज्यांच्या आतून त्याच्या कपाळावर हात ठेवला. ती काचेतून बघत होती. मी त्याच्या कानापाशी वाकून मोठ्याने म्हटलं, "ती हाय बघ बाहेर. तिचा हात हाय ह्यो." त्याने डोळे मिटले. मी हात तसाच ठेवला, चार तासांचा हिशोब विसरून, अर्धा तास तरी. घाम पोशाखातून बुटांत उतरत होता.

दुपारी पावणेतीनला तो गेला. तेव्हा आत मी आणि डॉक्टर होतो.

बाकीचं सगळं नियमाप्रमाणे झालं. आंघोळ नाही, कपडे बदलणं नाही. दोन पिशव्यांत गुंडाळून, चेन ओढून, वर औषध फवारून. त्याचे वडील आणि चुलतभाऊ गावाहून आले होते, त्यांना गेटपाशी उभं केलं होतं. वडील हातात नवं धोतर घेऊन आले होते. ते मी त्यांच्याकडून घेतलं आणि पिशवीवर ठेवायला दिलं, पांघरता आलं नाही. स्मशानात महापालिकेची पोशाख घातलेली माणसं होती, घरची माणसं लांब रस्त्यावर. बायकोने खिडकीतून गाडी जाताना बघितली. मुलीने विचारलं, "कोणाची गाडी?" ती म्हणाली, "दवाखान्याची."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मी आत गेले तर ते कॉम्प्युटरकडे बघत बसलेले, मला बसा म्हणायचंही भान नाही.

तो आजार नव्हता. डेंगू होता, तीव्र डेंगू. चिकोडीतली कार्डाची तपासणी चुकली होती. तशी ती कधी कधी चुकते. तिकडेच कुठेतरी, नाहीतर वाटेत विमानतळावर, एखादा डास चावला असेल. आपल्याकडे दर वर्षी शेकडो लोकांना होतो तो डेंगू. आमच्या जनरल वॉर्डात डेंगूचे पेशंट असतात, त्यांच्या पलंगावर त्यांची बायको बसलेली असते, आई पाय चेपत असते, बाहेरून आणलेलं शहाळं पाजत असते.

"उपचार तेच केले असते," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, उपचार तेच केले असते ना?"

मी म्हटलं, हो, जवळपास तेच. ते म्हणाले, तिला मी सांगतो. मग म्हणाले, माझं मराठी तेवढं चांगलं नाही, तुम्ही चला. शेवटी खोलीत गेल्यावर ते दारापाशी थांबले आणि सांगितलं मी.

आधी चांगली बातमी सांगतात तसं मी म्हटलं की तुला आणि बाळाला आता काही धोका नाही, आजच घरी जाता येईल. आम्हाला जो वाटला होता तो आजार त्यांना नव्हता, डेंगू होता. ती पलंगावर बसून मुलीची वेणी घालत होती. तिने वेणी पुरी केली, रिबन बांधली. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे हात लावला असता तर चाललं असतं?"

नर्सिंगमध्ये आम्हाला शिकवतात की नातेवाइकांशी बोलताना शब्द जपून वापरा. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, त्या वेळी तोच निर्णय बरोबर होता, तुमच्याच भल्यासाठी, अशी वाक्यं मला येत होती. डॉक्टरांनी मागून काहीतरी बोलायला सुरुवातही केली. पण तिने प्रश्न मला विचारला होता.

मी म्हटलं, "व्हय. चाललं असतं."

"आंघोळ घातली असती तर?"

"चाललं असतं."

ती उठली. दार उघडलं, जे चार दिवस मी बाहेरून लावत होते, आणि व्हरांड्यातून त्या टोकाला चालत गेली. मी तिच्या मागे गेले, थांबवलं नाही. खोली धुऊन काढली होती, फिनेलचा वास, पलंगावर नुसती रेक्झिनची गादी. ती त्या गादीवर आडवी झाली, कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, आणि मग पहिल्यांदा रडली. मी तिच्याजवळ बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. हातमोजा नव्हता. डॉक्टर मुलीला कडेवर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घालत होते, तिला कानडीत काहीतरी गाणं म्हणून दाखवत होते.

जाताना तिने एक गोष्ट मागितली. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि आरोग्य खात्याचं पत्र कानडीत. "आमच्या गल्लीत मराठीत लिवलेलं काय तरी दाखवाय लागंल," ती म्हणाली. "आमच्या घराला औषध मारून गेलेत. त्याची अंथरुणं, कापडं सगळी अंगणात जाळली. पाणी भराय जाताना सासूला लोक बाजूला सरा म्हणाय लागल्यात." मी हॉस्पिटलच्या कोऱ्या कागदावर हाताने लिहिलं की यांच्या पतीचा मृत्यू डेंगूने झाला, डेंगू माणसाच्या स्पर्शाने पसरत नाही, घरातल्या कोणापासून कोणालाही धोका नाही. डॉक्टरांनी खाली सही करून शिक्का मारला. एवढी छोटी वाक्यं लिहायला मला चार कागद लागले.

कागदाने फार काम झालं नाही. महिन्याभराने तिचा फोन आला. अंगणवाडीत मुलीला वेगळं बसवतात, म्हणाली. मी त्या रविवारी आईला घेऊन बसने तिच्या गावी गेले. आईला गुडघ्यांमुळे बसमध्ये चढता येत नाही, कंडक्टरने तिला वर घेतलं. तिनेच हट्ट धरला होता. गावात पोचल्यावर आई घरात गेलीच नाही. बाहेर ओट्यावर, सगळ्या गल्लीला दिसेल असं बसली आणि मोठ्याने म्हणाली, "मला पाणी दे गं, तुझ्या हातनं." बायकोने तांब्या दिला. आई सावकाश प्यायली. मग जेवायचं मागितलं. आम्ही चौघी ओट्यावर पिठलं-भाकरी जेवलो, मुलीला आईने आपल्या ताटात घेतलं. समोरच्या घरातली म्हातारी आधी दारातून बघत होती, मग येऊन बसली, आणि विचारायला लागली की तुमी निपाणीच्या का, कुठल्या वखारीत हुता. पुढच्या आठवड्यापासून मुलगी अंगणवाडीत इतरांबरोबर बसायला लागली, असं नंतर कळलं.

त्याचे वडील जेवण होईपर्यंत खांबाला टेकून बसून होते. आम्ही निघालो तेव्हा मला म्हणाले, "बाई, त्याला शेवटी तरास झाला का?" मी म्हटलं, "झाला आप्पा. पण तो घाबरला न्हवता." पहिलं खरं होतं. दुसरं मला ठाऊक नाही.

ती आम्हाला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. आई दगडावर टेकली. बस यायला उशीर होता. मग ती म्हणाली, "आक्का, एक विचारू?"

"विचार की."

"त्याची सगळी कापडं जाळली म्हटलं न्हवं. पर एक शर्ट ऱ्हायला. कारखान्यातला. बॅगेच्या तळात गुंडाळून ठेवलेला, त्या लोकांना दिसला न्हाय. तसाच मळका हाय. त्याला उसाच्या मळीचा वास येतोय, गोडसर. मी रोज बघते काढून." ती थांबली. "सासू म्हणती धुऊन टाक, मळकं ठेवू नये घरात. धुऊ का?"

सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते की कपडे उकळत्या पाण्यात धुवा, उन्हात वाळवा.

"नगंस धुऊ," मी म्हटलं. "प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव. तोंड घट्ट बांध, म्हणजे वास उडायचा न्हाय."

तिने मान हलवली. चिकोडीची बस आली. आईला वर चढवताना तिने आईचा दंड धरला होता, माझ्याहून घट्ट. आम्हाला खिडकीपाशी जागा मिळाली. बस निघाली तरी ती रस्त्याच्या कडेला उभी होती, पदर तोंडावर घेऊन, आणि मग वळून उसाच्या फडाशेजारच्या वाटेने घराकडे चालायला लागली.